श्रुतींचें मोजमाप

कोल्हापुराहून मिरजेस जावयाचें म्हटलें तर आगगाडीची वाट जेमतेम तास-सव्वा तासाची. हा लोहमार्ग १८९१ सालीं वाहतुकीस खुला झाला. ह्या तीस मैलांच्या टापूनें हिंदुस्थानी संगीताची जेवढी सेवा केली तेवढी दुसऱ्या एखाद्या टापूनें क्वचितच केली असेल. कुरुंदवाड हें पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचें जन्मगांव. त्यांचे गुरु बाळकृष्णबुवा तर इचलकरंजीच्या नांवानेंच ओळखले जातात. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींच्या पदरीं उस्ताद अल्लादियाखाँ होते. मिरजेस खाँसाहेब अब्दुल करीमखाँ स्थायिक झाले, आणि तंबोरे व सतारी घडविणाऱ्या सतारमेकरांचीं दुकानें आजही मिरजेंतच आहेत. हें सर्व आपणांस ठाऊकच आहे. परंतु ह्याच टापूंत, विसाव्या शतकाच्या आरंभीं, आपलें जुनें संगीतशास्त्र आणि युरोपांतील ध्वनिशास्त्र ह्यांची गांठ घालून देण्याचा एक मोठा प्रयत्न झाला, तो मात्र फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. त्याचीच हकीकत आज मला सांगावयाची आहे.

विषय श्रुतींचा आहे असें म्हणतांच कित्येक श्रोत्यांचा हात रेडिओच्या कळीकडे जाईल, ह्याची मला जाणीव आहे. श्रुतींची चर्चा ही पंडितांनीं करावी आणि गवयांनीं जांभई द्यावी, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. म्हणून पंडितांच्या घरून आरंभ न करतां मी माझ्या लहानपणच्या शिकवणीपासून आरंभ करतों. आम्हां मुलांना गाणें शिकविणारे गुरुजी पेटी घेऊन बसत. यमन किंवा भूप चालला असतां गांधारावर आलों कीं ते एकदम भाता थांबवीत आणि म्हणत, "पेटीचा गांधार घेऊं नकोस रे. तंबोरा काय म्हणतो तें ऐक." पेटी तर त्यांनींच पुढें ठेवलेली, तीच ऐकून आम्ही सूर लावावयाचा, आणि ऐन गांधाराच्या वेळीं तीच खोटी ठरावयाची! दोन गांधार असूं शकतात हेंच त्या वयांत मला कळेना. गुरुजींनाही तें शब्दांनीं समजावून देतां येत नसे. त्यांच्या कानाला तें ठाऊक होतें, एवढेंच.

आतां हे दोन गांधार कोणते तें पाहूं. सुरेल लावलेल्या तंबोऱ्याची खरजाची तार छेडली असतां थोड्या वेळानें तिच्यांतून गांधार आपोआप उमटूं लागतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतों. तार एकाच वेळीं संबंध कांपते, तशीच अर्धी, तृतीयांश, चतुर्थांश आणि पंचमांशही कांपते. त्या पांचव्या भागाच्या कंपनांतून हा गांधार निघतो. षड्जाचीं सेकंदास २४० आंदोलनें धरलीं, तर ह्या गांधाराचीं आंदोलनें बरोबर ३०० येतात, म्हणजे षड्जाच्या सव्वापट. पेटीचा गांधार मात्र ३०२ हून थोडा अधिक असतो. कारण पेटी ही मुळांत युरोपांतील वाद्य. तेथील वादकाला कोणत्याही पट्टींतून वाजवितां यावें म्हणून सप्तकाचे बारा अगदीं सारखे भाग करून तिचे सूर लावलेले असतात. ही सोय पदरांत पाडून घ्यावयाची तर प्रत्येक सुरानें आपल्या नैसर्गिक जागेवरून थोडेंबहुत सरकलें पाहिजे. गांधार सरकतो तो वरच्या अंगाला. अडीच आंदोलनांचा फरक तो काय, असें कोणी म्हणेल. पण हे दोन गांधार एकत्र वाजले कीं सेकंदाला दोन-अडीच वेळां एक लाट उठते आणि बसते, आणि सरावलेल्या कानाला ती खड्यासारखी लागते. गुरुजी भाता थांबवीत ते ह्यामुळेंच.

असे सूक्ष्म भेद आपल्या पूर्वजांनीं ओळखले होते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत सप्तकाच्या बावीस श्रुति सांगितल्या आहेत आणि षड्जापासून निषादापर्यंत त्यांची वांटणी चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशी केली आहे. ह्या बावीस श्रुति खऱ्याच आहेत हें पटविण्यासाठीं भरतानें एक प्रयोगही दिला आहे. तो इतका सुबक आहे कीं आजच्या प्रयोगशाळेंतही तो शोभून दिसेल. दोन वीणा अगदीं सारख्या लावावयाच्या. एक तशीच ठेवावयाची, ती ध्रुववीणा. दुसरीचा पंचम एक श्रुति उतरवावयाचा आणि मग त्या पंचमाच्या धोरणानें बाकीचे सर्व स्वर उतरवून घ्यावयाचे, ती चलवीणा. अशा रीतीनें चलवीणा सबंध एका श्रुतीनें खालीं येते. पुन्हा तीच क्रिया केली म्हणजे चलवीणेचे गांधार-निषाद ध्रुववीणेच्या ऋषभ-धैवतांशीं मिळतात, कारण त्यांच्यामध्यें दोनच श्रुतींचें अंतर. तिसऱ्या वेळीं ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमांशीं मिळतात, आणि चौथ्या वेळीं षड्ज, मध्यम व पंचम हे अनुक्रमें निषाद, गांधार व मध्यम ह्यांच्याशीं मिळतात. दोन, तीन आणि चार श्रुतींचीं अंतरें अशीं हिशेबानें सिद्ध झालीं.

ह्या सबंध प्रयोगांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. भरतानें तारेची लांबी कोठेंही सांगितलेली नाहीं, कीं कोणतेंही गुणोत्तर दिलेलें नाहीं. पंचम एक श्रुति उतरवावयाचा म्हणजे किती, ह्याचा निवाडा त्यानें सर्वस्वीं कानावर सोंपविला आहे. तारेच्या लांबीवरून स्वर सांगण्याची रीति आपल्या ग्रंथांत पुष्कळ उशिरां, अहोबलाच्या 'संगीत पारिजाता'सारख्या सतराव्या शतकांतील ग्रंथांत आढळते. तेव्हां भरताची श्रुति आंकड्यांत केवढी, हा प्रश्न पुढच्यांसाठीं तसाच राहून गेला. पुढें जो वाद माजला त्याचें मूळ येथें आहे.

इकडे युरोपांत एकोणिसाव्या शतकांत स्वरांच्या मोजणीला निराळीच चालना मिळाली. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्यांनीं १८६३ सालीं नादाच्या संवेदनेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. १८७५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर अलेक्झांडर एलिस ह्या गृहस्थांनीं केलें. एलिस ह्यांनीं पुढें सप्तकाचे १२०० बारीक भाग कल्पून 'सेंट' नांवाचें माप प्रचारांत आणलें. त्या मापानें पेटीचा गांधार ४०० आणि तंबोऱ्याचा ३८६ भरतो. हें माप हातीं घेऊन त्यांनीं १८८५ सालीं निरनिराळ्या देशांतील स्वरसप्तकांवर एक निबंध लिहिला. त्यांत हिंदुस्थान होता, जावा होतें, चीन व जपानही होते. सृष्टीनें सर्व मानवजातीला मिळून एकच सप्तक नेमून दिलें आहे असें मुळींच नाहीं, सप्तकें नाना प्रकारचीं आहेत, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. आपलेंच सप्तक काय तें नैसर्गिक, असें मानणाऱ्या युरोपला हा मोठाच धक्का होता. मौजेची गोष्ट ही कीं, स्वरांचें माप जगाला देणाऱ्या ह्या एलिस साहेबांना स्वतःला सुराचा कान मुळींच नव्हता. ते सर्वस्वीं अल्फ्रेड हिपकिन्स नांवाच्या आपल्या स्नेह्याच्या कानावर विसंबून असत. मोजणारा एक आणि ऐकणारा दुसरा, अशी ती जोडी होती.

आपल्या देशांतही त्या सुमारास हालचाल सुरू झाली होती. कलकत्त्यास राजा शौरींद्रमोहन टागोर ह्यांनीं १८७१ सालीं संगीतशाळा काढली आणि परदेशच्या संस्थांना आपले ग्रंथ व वाद्यें पाठवून त्यांच्याशीं संबंध जोडला. पुण्यांत १८७४ सालीं गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ सालीं निघाली. आपल्या कोल्हापुरांतील गायन समाज देवल क्लब हा १८८३ सालचा. १८९१ सालीं कॅप्टन डे ह्या लष्करी अधिकाऱ्यानें दक्षिण हिंदुस्थान व दख्खन येथील संगीत व वाद्यें ह्यांवर एक सुरेख सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१० च्या सुमारास फॉक्स स्ट्रँगवेज हे इंग्रज विद्वान् हिंदुस्थानांत हिंडून मेणाच्या नळकांड्यांवर गाणीं टिपून घेत होते. त्यांचा ग्रंथ १९१४ सालीं ऑक्सफर्डहून बाहेर पडला. सारांश, संगीताविषयींची देवघेव चालूं झाली होती. परंतु तिच्यांत बोलणारे बहुधा ग्रंथ जाणणारे असत, गाणारे क्वचितच.

अशा वेळीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे पुढें आले. कोल्हापूरकरांनीं नामसादृश्यामुळें देवल क्लबशीं त्यांचा घोटाळा करूं नये. सरकारी नोकरींतून निवृत्त झालेल्या ह्या गृहस्थांना संस्कृत ग्रंथांचा आणि ध्वनिशास्त्राचा सारखाच नाद होता. भरताच्या श्रुति आणि आजच्या गवयाच्या गळ्यांतील श्रुति ह्या एकच आहेत कीं काय, हें मोजून पाहावें, असें त्यांच्या मनानें घेतलें. मोजण्यासाठीं गळा हवा होता, आणि तो मिरजेस होता. अब्दुल करीमखाँ हे मूळचे उत्तरेंतील किराण्याचे. १८७२ सालचा त्यांचा जन्म. कांहीं काळ ते बडोदें दरबारीं होते, पुढें ह्या भागांत आले आणि मिरजेचेच होऊन गेले. त्यांच्या सुराविषयीं मीं काय सांगावें! तंबोरा लावण्यांतच त्यांचा किती जीव रमे ह्याच्या आठवणी जुन्या मंडळींनीं सांगितल्या आहेत. तंबोरा मनाजोगा लागेपर्यंत गाण्यास आरंभ नाहीं, असा हा गवई.

अशा मोजणीची रीति सोपी आहे. एका लांबट पोकळ पेटीवर तार ताणून बसवितात आणि तिच्याखालीं सरकती घोडी ठेवतात. गवयानें एक स्वर स्थिर लावून धरावयाचा. मोजणाऱ्यानें घोडी सरकवीत तार त्या स्वराशीं मिळवावयाची आणि मिळाली कीं लांबी वाचून घ्यावयाची. सबंध तार षड्ज देत असेल आणि पांचांपैकीं चार भाग ठेवल्यावर गांधार मिळाला, तर तो सव्वापटीचा गांधार होय. रीति सोपी, परंतु तिचें सर्व सामर्थ्य दोघांच्या कानांत आणि एकाच्या दमसासांत आहे. गवई डळमळला कीं मोजणी फसली.

ह्या परिश्रमांतून देवलांचें हिंदु स्वरसप्तक व बावीस श्रुति ह्यांवरील इंग्रजी पुस्तक १९१० सालीं पुण्यास प्रसिद्ध झालें. त्यांनीं प्रत्येक श्रुतीला गुणोत्तर लावून दिलें. त्यांच्या मांडणींत श्रुतींचीं अंतरें सारखीं येत नाहींत. कोठें २२ सेंट, कोठें ७०, कोठें ९०, अशीं तीन तऱ्हेचीं येतात. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी ह्या कामाकडे ओढले गेले. १९१३ सालीं त्यांनीं हिंदी संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारा आपला ग्रंथ लंडनमध्यें छापविला आणि देवलांचे निष्कर्ष पश्चिमेकडील विद्वानांपुढें मांडले. पश्चिम हिंदुस्थानांत एक फिलहार्मोनिक सोसायटी उभी राहिली. लंडनच्या मूर अँड मूर ह्या कारखान्यांतील कीथ मूर ह्यांच्याकडून ह्या श्रुति वाजविणारी एक खास पेटीही तयार करविण्यांत आली. तीच श्रुति-हार्मोनियम. सांगलीचा निवृत्त अधिकारी, मिरजेचा गवई, इंग्रज सिव्हिलियन आणि लंडनचा कारागीर, असे चौघे एका पेटीभोंवतीं जमले होते. आंतरराष्ट्रीय विद्याविनिमय हा जो मोठा शब्द आपण आज वापरतों, त्याचें ह्याहून नेमकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

त्या पेटीची खरी परीक्षा बडोद्यास झाली. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं मार्च १९१६ मध्यें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागें पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांची खटपट होती. श्रुतींच्या प्रश्नावर तेथें कडाक्याची चर्चा झाली आणि श्रुति-हार्मोनियम सर्वांपुढें वाजवून दाखविण्यांत आली. परंतु ती जमलेल्या जाणत्यांच्या पसंतीस उतरली नाहीं. गवयाच्या गळ्यांतील स्वर आणि पेटीचा स्वर ह्यांचें जमेना. भातखंड्यांचें मत तर आरंभापासूनच निराळें होतें. बारा स्वरांवर रागांची रचना नीट सांगतां येते, तीच शिकवावी, आणि श्रुतींचा काथ्याकूट तूर्त बाजूस ठेवावा, अशी त्यांची दृष्टि होती. शाळा-शाळांतून हजारों मुलांना शिकवावयाचें तर हें धोरण सोयीचें होतें, ह्यांत शंका नाहीं. अखेर तेंच टिकलें. श्रुति-हार्मोनियम घरोघरीं गेली नाहीं. साधी पेटी मात्र गेली.

मग देवल आणि क्लेमेंट्स चुकले काय? मला वाटतें, ते अर्धे बरोबर होते आणि अर्धे चुकले. तंबोऱ्याच्या तारेंतून उमटणारा गांधार हा सव्वापटीचाच असतो, आणि त्यावर दीर्घ काळ थांबणारा गवई त्या गांधाराशीं मिळून जाण्याकडेच झुकतो, हें त्यांचें म्हणणें ध्वनिशास्त्राला धरून आहे. परंतु भरतानें जी गोष्ट कानावर सोंपविली तिला त्यांनीं आंकड्यांचे खिळे ठोकले, आणि ते आंकडे भरताच्याच मनांतले होते असें ते मानून चालले. दुसरें असें कीं, गाणें म्हणजे स्थिर ठेवलेल्या स्वरांची ओळ नव्हे. दरबारी कानड्याचा गांधार आंदोलन घेत खालींवर हलतो. मींडेमध्यें एक स्वर दुसऱ्यांत विरघळतो. घोडी सरकविण्यासाठीं खाँसाहेबांनीं जो स्वर धरून ठेवला तो गाण्यांतून वेगळा काढलेला स्वर होता. फुलाच्या पाकळ्या मोजून फूल सांगतां येतें, तितकेंच हें खरें.

पेटीचा प्रश्न मात्र तेथें संपला नाहीं. तो थेट ह्या ध्वनिक्षेपकापर्यंत येऊन पोंचला. दिल्लीच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फौल्ड्स हे इंग्रज रचनाकार होते. त्यांनीं १९३८ सालीं पेटीविरुद्ध एक जळजळीत लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नकोशी होती. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें आपल्या केंद्रांवर तिला बंदी केली, आणि ती बंदी १९७१ सालीं प्रथम सैल झाली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ रेडिओच्या गायकामागें पेटी वाजली नाहीं. पण पेटी येथल्या माणसाच्या हातीं येऊन काय होऊं शकते हें आपल्या गोविंदराव टेंब्यांनीं दाखवून दिलेलें होतें. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला त्यांनीं केलेली साथ ज्यांनीं ऐकली त्यांना पेटीचे पडदे तुटक आहेत ह्याची आठवण राहिली नसेल. ज्या वाद्याला एका इंग्रजानें नालायक ठरविलें, तेंच दुसऱ्या इंग्रजानें आपल्या सुरांसाठीं मुद्दाम नव्यानें घडवून घेतलें होतें. विद्येच्या देवघेवींत परदेशचें मत म्हणजे एकच एक मत असें कधींच नसतें, एवढें ह्यावरून ध्यानांत घ्यावें. श्रुतींच्या पेटीची ओढही अगदींच सरली नाहीं. ठाण्याचे डॉक्टर विद्याधर ओक ह्यांनीं आपल्या काळांत बावीस श्रुतींची हार्मोनियम पुन्हा घडविली आहे.

आतां नंतरच्या मोजणीकडे वळूं. ज्या गोष्टीला देवलांना सरकती घोडी लागली ती पुढें विजेच्या यंत्रांनीं होऊं लागली. १९६३ सालीं लंडनमध्यें नजीर जैराजभाई व त्यांचे सहकारी स्टोन ह्यांनीं हिंदुस्थानी कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका मोजून पाहिल्या. एकच स्वर निरनिराळे कलावंत, किंबहुना एकच कलावंत निरनिराळ्या वेळीं, थोड्याबहुत फरकानें लावतो, असें त्यांना आढळलें. १९८२ सालीं मार्क लेव्ही ह्या अमेरिकन अभ्यासकाचा ग्रंथही त्याच दिशेचा आहे. मुंबईंत १९६९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रांत, म्हणजे एन.सी.पी.ए.मध्यें, पुढें विम व्हॅन डर मेर हे डच विद्वान्, बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक आणि आपल्याकडील डॉक्टर सुवर्णलता राव ह्यांच्यासारखे अभ्यासक ह्या कामांत गुंतले. गाण्याची ओळ पडद्यावर वळणावळणाच्या रेषेनें उमटावी, अशी सोय त्यांनीं करून दाखविली. त्या रेषेकडे पाहिलें कीं समजतें, स्वर म्हणजे टिंब नव्हे. गवई एखाद्या स्वराकडे कसा येतो, कोठें टेकतो आणि कसा निघतो, ह्यांतच त्याची ओळख आहे. मिरजेच्या खाँसाहेबांचा गळा १९०५ च्या सुमारच्या आणि पुढें १९३० नंतरच्या तबकड्यांवर टिकून राहिला आहे. तो आतां कोणालाही ह्या रीतीनें पाहतां येतो. देवलांना जो स्वर वेगळा काढून मोजावा लागला तो आतां त्याच्या घरांतच मोजतां येतो.

परंतु मला ज्या गोष्टीचें खरें महत्त्व वाटतें ती मोजणीची नव्हे. देवलांच्या ग्रंथावर देवलांचें नांव आहे, क्लेमेंट्सच्या ग्रंथावर क्लेमेंट्सचें. अब्दुल करीमखाँचें नांव आंत येतें, मुखपृष्ठावर येत नाहीं. जेव्हां जेव्हां ह्या प्रयोगाची कथा सांगितली जाते तेव्हां पंडित आणि साहेब ह्यांची संगत सांगितली जाते, आणि गवई हा जणु मोजण्याची वस्तु होता असें ऐकणाऱ्याच्या मनांत राहतें. वास्तविक त्या तिघांत ज्ञानाचा मोठा वांटा कोणाचा? बावीस श्रुति कागदावर मांडणें पंडिताला जमतें. पण हा गांधार आणि तो गांधार, असे दोन निरनिराळे स्वर मागतांक्षणीं गळ्यांतून काढून ते निश्चल धरून ठेवणें हें ज्ञान नव्हे काय? एलिस साहेबांना हिपकिन्सचा कान लागला, तसा देवलांना खाँसाहेबांचा गळा लागला. कानाची आणि गळ्याची विद्या ग्रंथाच्या विद्येइतकीच मोठी आहे, हें आपण तोंडानें पुष्कळ म्हणतों. पुस्तकाचें मुखपृष्ठ छापण्याची वेळ आली कीं विसरतों.

खाँसाहेबांना आपण शिक्षकही आहों ह्याची पुरती जाणीव होती. १९१३ सालीं त्यांनीं पुण्यांत आर्य संगीत विद्यालय उघडलें. सवाई गंधर्वांसारखा शिष्य आणि हिराबाई बडोदेकर व सुरेशबाबू माने ह्यांच्यासारखीं त्यांचीं मुलें हीं त्यांच्या सुराचीं जिवंत मोजमापें होतीं, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. कृष्णाजीपंतांचें पुस्तक आज ग्रंथालयांत शोधावें लागतें. किराण्याचा सूर अजून मैफलींत ऐकूं येतो. १९३७ सालीं दक्षिणेंत प्रवासांत असतां सिंगपेरुमालकोइल येथील रेल्वेस्टेशनावर खाँसाहेबांचा अंत झाला. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत ते विसावले आहेत, आणि तेथें दर वर्षीं त्यांच्या स्मरणार्थ गाणें होतें.

पुढच्या काळांत ही चूक कांहीं अंशीं सुधारली गेली, आणि त्यांतही कोल्हापूरचा संबंध यावा ही योगायोगाची गोष्ट. १९९९ सालीं 'द राग गाइड' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. योप बोर ह्या डच अभ्यासकानें आपल्या सहकाऱ्यांसह तो तयार केला, आणि हॉलंडमधील रॉटरडॅम येथील संगीतविद्यालय त्याच्यामागें होतें. त्यांत ७४ रागांची माहिती आहे आणि ती ऐकण्यासाठीं चार तबकड्या जोडलेल्या आहेत. त्या तबकड्यांवर हरिप्रसाद चौरसिया व बुद्धदेव दासगुप्त वाजवितात, आणि विद्याधर व्यास व श्रुति सडोलीकर-काटकर गातात. विद्याधरांचे वडील नारायणराव व्यास मूळचे कोल्हापूरचे. सडोलीकरांचें गाणें तर अल्लादियाखाँच्याच परंपरेंतलें. ह्या चौघांचीं नांवें आंतील तळटीपांत नव्हेत, ग्रंथाबरोबर ठळक छापलेलीं आहेत. राग म्हणजे काय ह्याचा पुरावा त्यांनीं दिला म्हणून ग्रंथ उभा राहिला, हें त्या ग्रंथानें मान्य केलें. १९१३ आणि १९९९ ह्यांमधील वाटचाल ती एवढीच. पण लहान नव्हे.

आज आपल्या घरांतील मुलें गाणें शिकतात तीं बहुधा पेटीवर, किंवा विजेच्या स्वरपेटीवर, किंवा भ्रमणध्वनीमधल्या तंबोऱ्यावर शिकतात. ह्यांत मला कांहीं वाईट दिसत नाहीं. पेटीनेंच गाणें आपल्या मध्यमवर्गाच्या ओसरीवर आणलें. मागणें आहे तें एवढेंच कीं, आठवड्यांतून एक दिवस तरी मुलाला खऱ्या तंबोऱ्यापाशीं बसवावें. मिरजेचे कारागीर अद्याप भोपळा निवडून, वाळवून, जव्हारी काढून तंबोरे घडवीत आहेत, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. त्या तंबोऱ्याच्या खरजाला कान लावून मुलानें गांधाराची वाट पाहावी. तो उमटला, आणि मग पेटीचा गांधार वाजवून पाहिला, म्हणजे देवल आणि क्लेमेंट्स ज्यासाठीं वर्षानुवर्षें खपले तो प्रश्न त्या मुलाला एका क्षणांत कळेल. उत्तर कदाचित् कळणार नाहीं. माझ्या गुरुजींनाही तें शब्दांत सांगतां येत नव्हतें. पण भाता कोठें थांबवावयाचा तें त्यांना बरोबर ठाऊक होतें.